आधी प्लग काढायचा

माझ्या धाकट्या भावाला सगळं शहर हॅलो म्हणतं. त्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय, आणि मी सख्खी मोठी बहीण असूनही कुणी विचारलं तर मला ते आठवायला क्षणभर वेळ लागतो. तो लाउडस्पीकर भाड्यानं देतो. सभा असो, लग्न असो, शाळेचा कार्यक्रम असो, नाहीतर कुणी गेल्यावरची शोकसभा असो, आधी याचे कर्णे खांबावर चढणार, मग हा माइकसमोर उभा राहून "हॅलो, हॅलो" म्हणणार आणि त्यानंतरच बाकीच्या जगाला बोलायला मिळणार. नाव पडलं ते असं.

त्याची मुलगी, माझी भाची बारकी, सध्या तुरुंगात आहे. ती तिथे कशी गेली आणि तिला बाहेर काढायला माझ्या भावानं काय काय केलं ते मी सांगणार आहे, कारण बाहेर लोक जे सांगत फिरतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. दोन्ही बाजूंचे लोक. मला दोघांचाही सारखाच राग येतो.

आधी हॅलोबद्दल सांगते. हा माणूस शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो. अख्खी सभा आवाजाच्या मशीनशेजारी बसून काढून घरी आला की मी विचारायची, "काय म्हणाला रे पुढारी?" तर हा म्हणणार, "घसा बसलाय त्याचा. खालचा सूर फार येत होता, मी जरा कमी केला." संपलं. एकदा एका वक्त्यानं समोर बसलेल्या लोकांना मनसोक्त शिव्या घातल्या. लोक चिडून उठून गेले आणि आमचे बंधुराज खुशीत घरी आले, कारण म्हणे माइकनं एकदाही शिट्टी मारली नाही. कुणाचा आवाज मात्र तो कधी विसरला नाही. लहानपणी आमच्या गल्लीत बोहारीण यायची तिचा आवाज कसा होता, हे तो अजूनही सांगू शकतो. काय ओरडायची ते विचाराल तर गप्प.

बारकीची आई बारकी बोलायला लागायच्या आधीच गेली. माझा संसार तोवर मोडलाच होता, तेव्हा मी माझी पेटी उचलून भावाकडे आले ती कायमची. पण मी दिवसभर बेकरीत पॅकिंगला, घरी पोरीला बघणार कोण? मग ती बापाबरोबर मैदानं फिरली. हॅलो तिला रिकाम्या मैदानाच्या पार शेवटच्या भिंतीशी नेऊन उभी करायचा, परत येऊन माइकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणायचा. आवाज नीट पोचला तर पोरीनं हात वर करायचा, नाही पोचला तर करायचा नाही. मग हा कर्णा थोडा फिरवणार, पुन्हा हॅलो, पुन्हा तिच्याकडे बघणार. फ्रॉकमधली एवढीशी पोर मोठ्या ऐटीत हात वर करून उभी असायची आणि बाप खाली घे म्हणेपर्यंत हात खाली घ्यायची नाही. पुढे कॉलेजात गेली तरी ते सुटलं नाही. घरात त्यानं नुसतं "हॅलो" म्हटलं की ही पुस्तकातून डोकं न काढता हात वर करायची. हाक पोचली, आता काय ते बोला.

दुसरी गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. हॅलोला हे काम ज्यानं शिकवलं त्या उस्तादाच्या डोळ्यांदेखत एका सभेत मारामारी झाली होती. पळापळीत वायर तुडवली गेली, सोलली, ओल्या जमिनीवर पडली, आणि एक माणूस तिला चिकटून गेला. तेव्हापासून उस्तादाचा एकच धडा होता. गोंधळ झाला की आधी प्लग काढायचा. काय झालं, कुणी केलं, ते मागून बघायचं. लोकांच्या पायात जिवंत वायर ठेवायची नाही. हॅलो बसायचाच असा की उजवा हात प्लगपाशी राहील. ते त्याच्या अंगात इतकं मुरलं की घरात भांडं पडलं तरी याचा हात भिंतीकडे जायचा आणि पंखा बंद. शेजारी नवराबायकोचं वाजलं की आमचा रेडिओ बंद. बारकी म्हणायची, "बाबा, पातेलं पडलंय, भूकंप नाही झाला," आणि प्लग परत लावायची. आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याला हा किस्सा ऐकवून आम्ही पोट धरून हसलो आहोत.

मग ते युद्ध सुरू झालं. इतकं लांब की तिथे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र. आमच्या ओळखीतल्या कुणी तो देश पाहिलेला नाही. पण सरकारनं आपली पोरं तिकडे लढायला पाठवली आणि ते युद्ध आमच्या बेकरीच्या टेबलाशी येऊन बसलं. पोरं पाठवली ते बरोबर म्हणणाऱ्या बायका टेबलाच्या एका बाजूला, चूक म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूला. पूर्वी डबे एकत्र उघडायचे, आता बिस्किटाचे पुडेसुद्धा एकमेकींकडे न बघता सरकवायचे. माझ्या शेजारी पुड्यांची तोंडं बंद करणाऱ्या मशीनवर जी बाई बसते, तिला आम्ही सीलवाली म्हणतो. तिचा एकुलता एक मुलगा तिकडे गेलाय. ती एकदा मला म्हणाली, "कॉलेजची पोरं रस्त्यावर बोंबलतात ते माझ्या पोराला तिकडे कळत असेल ना गं? आपल्याच माणसांना आपण नकोसे झालो, असं वाटेल त्याला." घरी येऊन बारकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या, तो जिवंत परत यावा म्हणूनच ओरडतोय आम्ही." मला दोघींचंही पटत होतं. माझी अवस्था ही अशी, आणि बाकी शहराला मात्र सगळं लख्ख कळत होतं. दुकानांच्या दारांवर कागद चिकटले, सैन्याच्या बाजूनं नाहीतर युद्धाच्या विरुद्ध. कागद नसलेल्या दुकानदाराला दोघंही विचारायचे, तुझा कागद कुठाय?

हॅलोच्या दुकानावर कागद नव्हता. तो सकाळी सैन्याच्या बाजूच्या सभेला कर्णे बांधायचा आणि संध्याकाळी तेच कर्णे उतरवून विद्यार्थ्यांकडे न्यायचा. दोन्हीकडचे चिडायचे. "अरे, काही लाज?" असं एकानं तोंडावर विचारलं तर हा म्हणाला, "कर्ण्याला काय कळतंय कोण बोलतंय ते." मला वाटतं, तो हे स्वतःबद्दलच बोलत होता, पण लोकांना तो उद्धटपणा वाटला.

बारकी तोवर विद्यार्थ्यांत पुढे आली होती. अंगानं काडी, पण बोलायला उभी राहिली की शेवटची रांगसुद्धा मान वर करायची. हॅलोची छाती फुगायची. मला म्हणायचा, "ताई, तिला मशीन कशाला लागतंय, मी आपला उगाच बसतो तिथे." घरी आल्यावर ती मुद्दाम विचारायची, "बाबा, आज मी काय बोलले सांगा." हा डोकं खाजवायचा. "शेवटाला दम कमी पडत होता तुला. मध्ये एकदा पाणी पी." ती हसायची. पण त्या हसण्यात थोडं लागलेलंही असायचं, ते मला दिसायचं, त्याला नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे एक मुलगा यायचा. बारकीच्याच वर्गातला, ताडमाड उंच. हॅलोचे कर्णे तो नुसत्या टाचा उंचावून टांगायचा, म्हणून त्याचं नाव आम्ही शिडी ठेवलं होतं. जेवायला बसला की गुडघे कुठे ठेवावेत ते त्याला कळायचं नाही. बारकीचं आणि त्याचं काय होतं ते मी विचारलं नाही. तो दारातून वाकून आत आला की पोरीचा चेहरा बघितला तरी पुरे होतं.

विद्यार्थी कॉलेजच्या अंगणात ठाण मांडून बसले होते. चारी बाजूंनी इमारती, बाहेर पडायला एकच गेट आणि गेटाशी उतरत्या पायऱ्या. गेटाबाहेर पोलीस होते, दोघंतिघं आत भिंतीजवळही उभे होते. त्या दुपारी बेकरी सुटल्यावर मी बापलेकींचा डबा घेऊन गेले होते आणि हॅलोच्या मशीनशेजारी उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसले होते. बारकी बोलत होती. अंगण गच्च भरलं होतं. एवढ्यात गेटाबाहेर काहीतरी फुटलं. टायर होता की आणखी काही, त्यावर आजही एकमत नाही. मोठा आवाज झाला एवढं खरं. सगळं अंगण एकदम उभं राहिलं.

बारकी माइकवर होती. मी तिचा शब्द न् शब्द ऐकला. ती म्हणाली, "बसा. सगळे आहात तिथेच खाली बसा. कुणीही पळू नका, मी सांगते तसं करा." आणि लोक ऐकत होते. पुढच्या चारपाच रांगा खाली बसल्यासुद्धा. मागचे आवाजाच्या दिशेनं तिच्याकडे वळत होते. तेवढ्यात तिचा आवाज गेला.

मी शेजारीच बसले होते, म्हणून मला दिसलं. हॅलोनं वरसुद्धा बघितलं नाही. हात गेला, प्लग निघाला, आणि दुसऱ्या क्षणाला तो वाकून लोकांच्या पायांतली वायर ओढून गोळा करायला लागला. बारकीचं तोंड हलत होतं. ती माइकवर बोटं आपटत होती. आवाज बंद झाला तसे बसलेलेही उठले, आणि सगळे मिळून गेटाकडे सुटले.

शिडी त्यांच्या आधी गेटाशी पोचला होता. पायऱ्यांच्या वर दोन्ही हात पसरून उभा राहिला, थांबा, थांबा म्हणत. बाकीच्यांच्या डोक्यांवरून त्याचं डोकं मला दिसत होतं. मग ते दिसेनासं झालं. हॅलो वायर गुंडाळत होता. सगळी गुंडाळून झाल्यावर त्यानं मान वर केली.

शिडी गेला. कितीतरी पोरं जायबंदी झाली. दुसऱ्या दिवशी पोलीस बारकीला घेऊन गेले. आरोप असा, की विद्यार्थ्यांनी ठरवून माइक बंद पाडला, चेंगराचेंगरी घडवून आणली, आपलंच एक माणूस मारून सरकारला बदनाम केलं, आणि या सगळ्याची म्होरकी ही. सैन्याच्या बाजूच्या लोकांना हे लगेच पटलं. विद्यार्थ्यांच्या बाजूच्यांना त्याच्या उलट पटलं, की सरकारच्या माणसांनी माइक बंद करवला आणि पोरं मारली. टीव्हीवर दोन्हीकडचे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कुणीतरी हुकूम दिला असणार.

हॅलो पोलीस चौकीत गेला, मी बरोबर होते. तिथल्या साहेबानं बसायला खुर्ची दिली. हा म्हणाला, "साहेब, प्लग मी काढला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही. गोंधळ झाला की आधी प्लग काढायचा असतो. वायर पायात येते."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "लोक पळत सुटले होते, तुमची स्वतःची मुलगी त्यांना बसा म्हणत होती, आणि तुम्ही तिचाच आवाज बंद केलात? सहज?"

"सवयीनं."

"हे बघा, बाप माणूस मुलीसाठी काहीही बोलतो, मी समजू शकतो. उद्या म्हणाल, युद्धही मीच सुरू केलं." मग जरा पुढे झुकून तो हळू आवाजात म्हणाला, "तिनं खूण केली म्हणून काढला, असं सांगितलंत तर निदान तुम्ही तरी यातून सुटाल." हॅलो उठून उभा राहिला. बाहेर येऊन मला म्हणाला, "त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं गं ताई." मला वाटलं याला तिथल्या तिथे एक ठेवून द्यावी.

मग आम्ही विद्यार्थ्यांकडे गेलो. एका वर्गात बाकं भिंतीला सरकवून ती पोरं बसली होती. एका मुलीनं उठून पाणी दिलं. हॅलोनं तेच सांगितलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती मुलगी त्याच्यापुढे जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काका, कुणी धमकी दिलीय का तुम्हाला? घाबरू नका. आम्ही आहोत." हा म्हणाला, "अगं नाही बाळा, मीच काढला." मागून एक मुलगा म्हणाला, "सोड ना. विकला गेलाय तो." आमच्या घरी शिडीच्या शेजारी बसून जेवलेला मुलगा होता तो. मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळख दाखवली नाही.

त्यानंतर हॅलोनं कुणाला म्हणून सांगायचं बाकी ठेवलं नाही. केस कापायला गेला तिथे सांगितलं, पाण्याच्या रांगेत सांगितलं, घरमालकाला सांगितलं. ज्याला ज्या बाजूचं हवं होतं त्यानं त्या बाजूचं ऐकलं. बेकरीत सीलवाली म्हणाली, "बापच तो, पोरीचं पाप स्वतःवर घेतोय." टेबलाच्या पलीकडच्या म्हणाल्या, "पोलिसांनी पढवलाय." सीलवालीला मी त्या दिवशी फाडकन बोलणार होते, पण तिच्या मशीनखालून पुडे उघडेच पुढे येत होते. मुलाचा फोन बरेच दिवस आला नव्हता. मी तिचे पुडे माझ्याकडे ओढून घेतले आणि दोघींचंही काम केलं.

एका सकाळी दुकानाच्या शटरवर कुणीतरी लाल रंगानं लिहून ठेवलं, गद्दार. दोनतीन दिवसांनी त्याच्याच खाली निळ्या रंगानं दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, गद्दार. हॅलोनं जवळ जाऊन दोन्ही वाचलं. मग म्हणाला, "वरचं अक्षर चांगलं आहे." मी हसले आणि हसता हसता तिथेच पायरीवर बसून रडले. भाड्याला सेट न्यायला आता कुणीच येत नव्हतं. शोकसभेलाही नाही.

बारकीची वकीलबाई चांगली बाई आहे. दमलेली असते, टेबलाखाली चपला काढून सुजलेले पाय एकमेकांवर घासत बसते. तिनं आमचं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "तुमचं खरं असेलही. पण माझ्या काही उपयोगाचं नाही. सवय झाली होती म्हणून केलं, यावर कुठला न्यायाधीश विश्वास ठेवेल? भिंतीजवळ पोलीस उभे होते ना? त्यातल्या एकानं बंद कर म्हणून सांगितलं, एवढंच म्हणा. बारकीवरचा आरोप तिथेच लटका पडेल, जामीन होईल. नाहीतर तिची उमेदीची वर्षं आत जातील."

हॅलोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग." आजही मी तेच म्हणेन. पोर आत आणि आम्ही बाहेर खऱ्याची पूजा करत बसायचं, ही चैन मला परवडत नाही.

तो तयार झाला. आणि ज्या माणसानं जन्मात कधी कुणाच्या शब्दांकडे लक्ष दिलं नाही, तो दुकानात अर्धं शटर ओढून बंद माइकसमोर उभा राहून पाठ करायला लागला. "भिंतीजवळ एक पोलीस उभा होता. तो म्हणाला, बंद कर." पुन्हा. "भिंतीजवळ एक पोलीस उभा होता." मला शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवायचा आणि विचारायचा, खरं वाटतं का गं? मी म्हणायची, वाटतं.

कोर्टात उभं राहण्याआधी आम्हाला बारकीला भेटायची परवानगी मिळाली. पहिल्यांदाच. तोवर तिला फक्त वकीलबाई भेटत होती. लांबलचक खोली, मधे काच, काचेच्या दोन्ही बाजूंना टेलिफोनचे रिसीव्हर. दाराशी एक पहारेकरीण बसलेली. बारकी आली. केस बारीक कापलेले, गळ्याची हाडं वर आलेली. हॅलोनं रिसीव्हर उचलला, मी माझा कान त्याच्या कानाला टेकवला. सवयीनं तोंडातून निघालं, "हॅलो, हॅलो."

काचेपलीकडे बारकीचा हात वर गेला. तिचं तिलाच हसू आलं. आम्हीही हसलो, आणि मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

"बाबा, वकीलबाईंनी सांगितलं मला," ती म्हणाली. "मला वाटतच होतं कुणीतरी सांगितलं असणार तुम्हाला. इतके दिवस आत बसून मी तेच तेच आठवतेय, की मी बोलत होते आणि लोक बसत होते. बसत होते ना, आत्या? आणि मग आवाज गेला. शिडीच्या आईला मी निरोप पाठवणार आहे. तिला कळू दे कुणी केलं ते."

हॅलो म्हणाला, "भिंतीजवळ एक पोलीस उभा होता. तो म्हणाला, बंद कर."

"कोण? तो मिशीवाला की दुसरा?"

"बघितलं नाही मी."

"नसेल बघितलं. आवाज कसा होता त्याचा?"

तिनं सहज विचारलं होतं. बापाला दुसरं काय विचारणार? मी हॅलोच्या बरगडीत कोपर मारलं. काहीही सांग, जाडा म्हण, घोगरा म्हण. त्याचे ओठ हलले. बोहारणीचा आवाज आठवणारा माणूस. त्याला एक खोटा आवाज रचता येईना.

"बाबा, आवाज."

"साधा होता," तो म्हणाला.

"साधा म्हणजे?"

बारकी काचेतून त्याच्याकडे बघत राहिली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. मला कळलं, ती घरात आहे, पातेलं पडलंय, आणि ती भिंतीकडे गेलेला हात बघतेय.

"कुणी नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"आवाज झाला म्हणून काढलात."

"हो."

"मी बोलत होते."

"हो."

"मी काय बोलत होते ते ऐकलंत तुम्ही?"

आता तरी खोटं बोल, मी मनात म्हणत होते. तो म्हणाला, "आवाज ऐकला. आवाज फार चांगला लागला होता तुझा."

साहेबानं विश्वास ठेवला नाही, पोरांनी ठेवला नाही, बेकरीनं नाही, वकीलबाईनं नाही. साऱ्या शहरात एकट्या तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि तो तिनं ठेवू नये म्हणून मी जीव दिला असता. तिनं रिसीव्हर हळूच खाली ठेवला. थोड्या वेळानं परत उचलला. "वकीलबाईंना सांगा, पोलीस कुणी नव्हता. मीही तेच सांगणार आहे."

मी हॅलोच्या हातातून रिसीव्हर हिसकला. "बारके, वेडी झालीस का? तुला बाहेर यायचंय ना? एवढं एक वाक्य आहे गं."

"आत्या, शिडी त्या लोकांना अडवायला गेला होता. त्याच्या आईला मी खोटं सांगू?"

"आईला नको सांगूस. कोर्टाला सांग."

तिनं मान हलवली आणि रिसीव्हर ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

हॅलोनं माझ्याकडून रिसीव्हर घेतला. "हॅलो," तो म्हणाला. "हॅलो, हॅलो." ती समोरच बसली होती, हातभर अंतरावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, त्याच्याकडेच बघत. तो मोठ्यानं म्हणायला लागला. मग आणखी मोठ्यानं, रिकाम्या मैदानावर म्हणायचा तसा. खोलीच्या त्या टोकाला दाराशी बसलेली पहारेकरीण उठून उभी राहिली आणि म्हणाली, ओरडू नका. बारकीचे हात मांडीवरच राहिले. मग तिला आत नेलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर आम्ही घराकडे चालायला लागलो. वाटेत तो थांबला. "ताई," तो म्हणाला, "शेवटी मी हॅलो म्हणत होतो ते तिच्यापर्यंत पोचलं नसेल ना?"

"नाही पोचलं," मी म्हटलं. "काच जाड आहे."